देवयानीची गवाही

हमीद,

तुझ्या जियारतीला, तिसऱ्या दिवसाच्या दुआला, मी आलो होतो, पण आत फार वेळ बसलो नाही. लोक सांगत होते, किती शांत माणूस, कधी कुणाला उलट शब्द नाही. मला तिथं बसवेना. इंदापूरच्या हॉस्टेलपासून तू माझ्याशी भांडत आलास. क्रिकेटवरून भांडलास, उसाच्या जातीवरून भांडलास, माझ्या लग्नातल्या जिलेबीवरूनसुद्धा भांडलास. हा शांत माणूस कोण म्हणून मी तिथल्या तोंडांकडे बघत राहिलो. शेवटचं भांडण तर तू अर्ध्यावरच टाकून गेलास. हार्ट अटॅक आला आणि बघता बघता सगळं आटोपलं, त्याला तू तरी काय करणार. पण भांडण राहून गेलं. मिटवायला दोघं लागतात आणि मी इथं पळसदेवला एकटा बसलोय.

कुणाला सांगायला जावं तर हसतील. साठी गाठलेली दोन माणसं कशावरून भांडली, तर आकाशातल्या एका पुसट डागावरून. तो आहे की नाही, यावरून.

तो डाग मला दाखवलास तूच, एवढं कबूल करतो. बारामतीतलं तुझं चष्म्याचं दुकान नवं होतं तेव्हाची गोष्ट. माझा पहिला नंबर तूच काढलास. नाकावर ती जड फ्रेम चढवून, काचा घालून काढून, "हे बरं का मगाचं बरं?" असं इतक्यांदा विचारलंस की शेवटी मला दोन्ही सारखंच दिसायला लागलं. नवा चष्मा घालून मी गावी आलो, आणि चारच दिवसांत पाठोपाठ तू हजर. चहाही न घेता म्हणालास, "नान्या, जळोचीत आमच्या घरापतुर दिवं आलं. तुझ्या रानात अजून अंधार हाय. मला त्येवढाच पायजे."

अंधार आमच्याकडे भरपूर होता. आमचं रान उजनीच्या पाण्याला लागून. धरण झालं तेव्हा मी शाळकरी पोर होतो. आमचं जुनं घर, पार, शाळा, सगळं या पाण्याच्या पोटात आहे. उन्हाळ्यात पाणी उतरलं की जुनं देऊळ वर येतं आणि पुण्यामुंबईची माणसं फोटो काढायला येतात. हिवाळ्यात मात्र पाणी भरलेलं असतं, काही दिसत नाही. त्या भरल्या पाण्याकडे, म्हणजे उत्तरेकडे तोंड करून तू मला उभं केलंस. शर्मिष्ठेचे पाच तारे दाखवलेस, इंग्रजी एमसारखे. त्यातलं अणकुचीदार टोक जिकडं रोखलंय तिकडं चालत जा म्हणालास. मी नजरेनं चालत गेलो. तिथं काहीच नव्हतं.

"सरळ बघू नगंस," तू म्हणालास. "जरा बाजूला बघ. बघत न्हाय असं दाखीव."

मी जरा बाजूला पाहिलं आणि ते आलं. ओल्या बोटानं पाटीवरचा खडू पुसावा तसा एक फिकट डाग. मला वाटलं चष्म्यावर काही लागलंय. मी चष्मा काढून टॉवेलनं पुसला आणि परत घातला. तू पोट धरून हसलास. "पुसून जाईल व्हय रं? आपल्या आकाशगंगेची शेजारीण हाय ती. देवयानी." मग सांगितलंस की तीही आपल्यासारखीच, भोवऱ्यासारखी फिरलेली, तिच्यात इतके तारे की मोजायची सोय नाही, आणि माणसाला नुसत्या डोळ्यानं यापेक्षा लांबचं काही बघायला मिळत नाही. डोळ्याची कड अंधारात मधल्या भागापेक्षा तेज असते, म्हणून कडेनं बघायचं. हे सांगताना तू दुकानात गिऱ्हाइकाशी बोलतोस तसं बोलत होतास.

खरं सांगू, मला ती तेव्हाच आवडली नाही. रोखून पाहिलं की नाहीशी होते आणि नजर वळवली की येऊन उभी राहते, अशा गोष्टीचा भरवसा कसा धरावा? त्यात तू पुढचं सांगितलंस. हा उजेड पंचवीस लाख वर्षांपूर्वी तिथून निघाला, तेव्हा आपल्यासारखा माणूसही नव्हता.

"मग आत्ता ती तितं हाय का न्हाय?" मी विचारलं.

"कुणाला ठावं. इझली असली तरी सांगावा यायला पायजे न्हवं. आजबी यील, न्हायतर कदीच येणार न्हाय."

एवढं बोलून तू खुशाल शीळ घालायला लागलास. मी मात्र पाण्याकडे बघत होतो. माझं घर त्याच्या तळाशी होतं आणि वर जे दिसत होतं ते असेल की नाही याची खात्री नव्हती. त्या संध्याकाळी परत येताना बांधावरून तू पुढं चालावंस असा हट्ट मी धरला, तो तू डोळ्यांसमोर दिसत राहावास म्हणून, ते तुला कधी कळलं नाही.

पण तुझ्याबरोबर येत राहिलो. माणूस आवडीसाठी येतो तसा सोबतीसाठीही येतो. दर हिवाळ्याला तू यायचास आणि हळूहळू त्याचा आपला एक सोहळाच झाला. नियम तुझ्या वडिलांचा. ईदचा चंद्र बघायला ते तुला लहानपणी गच्चीवर घेऊन जायचे. आभाळ मळकट असलं की एकट्याचं बोलणं धरत नसत. दोन माणसांनी मशिदीत जाऊन सांगावं लागे, आम्ही आमच्या डोळ्यांनी पाहिला. तेव्हा ईद. तोच नियम तू देवयानीला लावलास. मोसमात पहिल्यांदा बघायची त्या दिवशी कुणी बोट दाखवायचं नाही. ज्यानं त्यानं आपली शोधायची. मग तू कोर्टातल्यासारखा आवाज काढून माझं पूर्ण नाव घ्यायचास आणि विचारायचास, दिसली का? मी म्हणायचो, दिसली. मग मी तुला विचारायचो. दोघांची गवाही झाली की घरात जाऊन चिलापी माशाचं कालवण आणि भाकरी.

एका साली मी मुद्दाम दुर्बीण आणली, तर तू हातसुद्धा लावला नाहीस. "दुर्बीण म्हंजी वकील. मला साक्षीदार पायजे." दुसऱ्या एका साली तुला दुकानामुळे जमेना, म्हणून मी एकट्यानं बघून तुला फोन केला. तू म्हणालास, एकट्याचं धरत न्हाईत, आणि फोन ठेवलास. मी आठवडाभर तुझ्याशी बोललो नाही. आज ते आठवून मला हसू येतं.

आता मागच्या हिवाळ्याचं सांगतो. तुला माहीत आहे, पण माझ्या बाजूनं तू कधी ऐकलंच नाहीस.

ऊसतोड चालू होती. शेजारचं रान नुकतंच मोकळं झालं होतं, त्यामुळे काठापर्यंत सगळं उघडं पडलेलं. आभाळ घासल्यासारखं स्वच्छ. मला ती लगेच सापडली. नियमाप्रमाणे गप्प बसलो. तू बराच वेळ मान वर करून उभा होतास. मान इकडे वळवायचास, तिकडे वळवायचास, सबंध मान, घुबडासारखी. मी तुझं नाव घेऊन विचारलं, दिसली का?

"न्हाय."

"बाजूला बघ की."

"बाजूलाच बघतोय. बाजूला कायबी न्हाय, नान्या."

तू चिडला नव्हतास, घाबरलाही नव्हतास. एखाद्या घरातली माणसं कधीच निघून गेलीत हे सांगावं तसं सांगितलंस. मग म्हणालास, ती गेली. सांगावा आला.

मी हसण्यावारी नेलं. मला दिसतीय म्हणालो. तू म्हणालास, तुझे डोळे सवयीनं बघतायत. इतकी वर्षं तिथं बघितलंय म्हणून तुला तिथं दिसतंय. हे बोलणं इतकं शांतपणे केलंस की मी पुन्हा वर पाहिलं, आणि हमीद, क्षणभर मलाही ती दिसेना. मग आली. पण तो क्षण माझ्या मनातून गेला नाही.

त्यानंतरची गोष्ट मी कुणालाही सांगितलेली नाही. मी तुझ्या उजव्या हाताला येऊन उभा राहिलो, खांद्याला खांदा लागेल इतका जवळ. तू समोर पाण्याकडे बघत होतास. थोड्या वेळानं तू हाक मारलीस. "नान्या? आरं, गेला का काय ह्यो?" मी शेजारीच होतो. माझा श्वास तुला ऐकू यायला हवा होता. तू माझ्याकडे न वळता पाण्याशी बोलल्यासारखा बोलत राहिलास. "आदी कडंला कायम कुणीतरी असल्यावानी वाटायचं. आता कडंला कुणीच नसतंय." मी नाहीसाच झालोय आणि तेवढं मला कळायचं राहिलंय, असं वाटलं. शेवटी मी तुझ्या दंडाला हात लावला तर तू असा दचकलास की तोल जाऊन चिखलात बसलास.

चिखल झटकत तू मला सांगितलंस, "तू फकस्त म्हण, न्हाय दिसत. बास. दोगांची झाली की झालं."

"खोटी गवाही देऊ व्हय?"

"खोटी कशापायी? माज्यासाठी म्हण."

"हमद्या, आभाळ जागच्या जागी हाय. तुझा डोळा तपासून घे."

तीस वर्षं दुसऱ्यांचे डोळे तपासणाऱ्या माणसाला मी असं म्हणालो. कालवण झालं होतं, ताटं वाढली होती, तरी तू न जेवता गाडीत बसलास. नंतर फोनवर आपण पाऊसपाण्याचं बोललो, माझ्या नातवाच्या बारशाचं बोललो. तो विषय तू काढला नाहीस आणि मीही काढला नाही. माझं म्हणणं खरंच होतं, ते मी आजही मागं घेत नाही. पण खरं बोलल्यानं माणूस असा जेवल्याशिवाय उठून जातो तेव्हा खऱ्याचं करायचं काय, ते मला अजून उमगलेलं नाही.

आणि मग या हिवाळ्यात, आपली संध्याकाळ यायच्या आधीच, तू गेलास. कबरस्तानात सगळ्यांबरोबर मीही तीन मुठी माती टाकली. हात झटकून मागं सरकलो आणि माझ्या उजव्या बाजूला कुणीतरी येऊन उभं राहिलं. अंगावर पांढरं काहीतरी. मी वळून पाहिलं. तिथं फक्त भिंत होती.

तेव्हापासून ते होतच होतं. मोटर चालू करायला गेलो की उजव्या कडेला. भाकरी खाताना उजव्या कडेला. बायको म्हणाली, मान का सारखी वळवताय, अवघडली का? मी हो म्हणालो. खोटं नाही, मला भीती वाटायची. तरी ते तिथं असायचं याचा आधारही वाटायचा. तुझ्याशी भांडायला कुणीतरी शिल्लक होतं. ते तूच असशील तर तुला काय हवंय ते मला माहीत होतं, म्हणून मी त्याच्याशी बोलत नव्हतो.

जियारतीच्या दिवशी मी दारात चपला शोधत होतो तेव्हा तुझी लेक नसीम बाहेर आली. आता दुकान तीच बघणार म्हणाली, तुझ्यापेक्षा तिच्याकडे डोळे तपासायची मशीनं जास्त आहेत. मला बाजूला घेऊन म्हणाली, "नानाकाका, अब्बांच्या डोळ्याचं तुमाला ठाव न्हवतं न्हवं?"

काचबिंदू. गेल्या साली पावसाळ्यातच तू पुण्याला जाऊन दाखवून आला होतास. म्हणजे माझ्या काठावर उभा राहून, ती गेली, असं म्हणालास त्याच्या कितीतरी आधी. नसीमनं मला समजावून सांगितलं, कडेची नजर पहिल्यांदा जाते. मधली बरीच वर्षं शाबूत राहते, म्हणून माणूस बेसावध असतो. रोज झोपताना तीच तुझ्या डोळ्यात थेंब टाकत होती.

"मंग मला का न्हाय सांगितलं त्यानं?"

तिनं ओढणीनं नाक पुसलं. "मी म्हणलं व्हतं सांगा म्हणून. तर म्हणले, डॉक्टर म्हणतोय डोळा गेला, तू म्हणतीस डोळा गेला. एक नान्या तरी म्हणू दे, की आभाळातनंच गेलं."

हमीद, मी गाडी घेऊन सणसरपर्यंत आलो आणि रस्त्याच्या कडेला थांबून रडलो. शेजारून उसाच्या ट्रॉल्या जात होत्या, ड्रायव्हर वाकून बघत होते. तुला सगळं ठाऊक होतं. डोळा तुझा, आजार तुझा, हे तुझ्याइतकं कुणाला कळणार? तुला फक्त ते एकट्याचं नको होतं. सगळ्यांचंच गेलं असतं तर तू ते हसून सोसलं असतंस, शीळ घालत. आणि मी तुला नियम शिकवत बसलो, तुझाच.

म्हणून मी ठरवलं. एकदा काठावर जायचं, वर बघायचं, आणि ती दिसत असतानाच मोठ्यानं म्हणायचं, नाही दिसत. खोटी तर खोटी. कडेला जे कोणी उभं असेल ते ऐकेल.

काल तिन्हीसांज उलटल्यावर निघणारच होतो, तर नसीमची गाडी दारात. तिचा नवरा गाडीपाशीच फोनवर बोलत राहिला आणि ती माझ्याबरोबर बांधावरून आली. "मला एकदा दाखवा, काका. अब्बांनी मला कदी आणलं न्हाय. म्हणायचे, त्ये माजं आन नान्याचं हाय." आता आली का पंचाईत. बापाला ती गेली म्हणून सांगायचं आणि त्याच वेळी लेकीला ती दाखवायची, हे कसं जमवावं ते मला कळेना.

पाणी काळंभोर होतं, हलत नव्हतं. लांब कारखान्याचे दिवे. वर शर्मिष्ठा अगदी ठळक. मी नसीमला पाच तारे दाखवले, टोक दाखवलं, सरळ बघू नको म्हणालो. माझ्या तोंडून तुझीच वाक्यं निघत होती.

"आली," ती हळूच म्हणाली. "बाजूला बघितलं की येतीया. अगं बाई. ह्येच का त्ये?"

मी वर पाहिलं. तारे सगळे जागच्या जागी होते. जरा डावीकडे पाहिलं, जरा उजवीकडे. थांबलो. डोळे मिटून पुन्हा उघडले. जिथं डाग असायला हवा तिथं निव्वळ काळं होतं, एखादी खिडकी आतून बंद केल्यासारखं. मग माझ्या लक्षात आलं की उजव्या कडेलाही कुणी नाही. माती टाकल्यापासून पहिल्यांदाच तिथं कुणी नव्हतं. नसीम माझ्या उजव्या हाताला उभी होती हे मला तिच्या आवाजावरून कळलं.

"काका, तुमाला दिसतीया न्हवं?"

खोटं बोलायची मी दिवसभर तयारी केली होती. शब्द तयार होता. तोच तोंडातून बाहेर पडला.

"न्हाय," मी म्हणालो. "न्हाय दिसत."

मग थेट तुझ्या दुकानातल्या आवाजात तिनं विचारलं, "कदीपासनं?" तिनं माझा हात धरला आणि बांधावरून मला घरापर्यंत आणलं, जपून, पाऊल बघून टाकायला लावत. दारात म्हणाली, उद्या दुकानावर या, मशीनवर बघू. मी येतो म्हणालो.

आज बारामतीला जाणं झालं. खत आणायचं होतं. तुझ्या दुकानावरून गाडी नेली. शटर वर होतं, नसीम काउंटरशी कुणाचा तरी चष्मा पुसत होती. मी थांबलो नाही. मशीनवर बसलो की डोळा बाद ठरेल, मग ते तुझं निराळं आणि माझं निराळं दुखणं होईल, दोघांची दोन औषधं. आणि डोळा धडधाकट निघाला तर? तो विचार आला तशी मी गाडी जोरात सोडली.

नसीमला दिसली ते मी नाकारत नाही. पण ती एकटी होती आणि एकट्याचं धरत नाहीत. तू सांगितलंस आणि आता मीही सांगतोय, माझ्या डोळ्यांनी पाहून. दोघांची झाली, हमीद. ती गेली.